गिरणाकाठचं खापर आणि कोरियाचा झाडकान्या

‘खापर’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? जळगाव-धुळ्याकडच्या मुलांना हे विचारायलाच नको. चुलीवर पालथं घातलेलं मोठं थोरलं खापर, आजीने दोन्ही हातांवर नाचवत नाचवत त्यावर टाकलेली परातीएवढी पुरणपोळी आणि शेजारी आमरसाचं पातेलं! शाळेत मराठीच्या पेपरात मात्र ‘खापर फोडणे’ असा वाक्प्रचार येतो आणि त्याचा अर्थ अगदीच कडू असतो. घरात जुन्या माणसांच्या गोष्टी निघाल्या, की आजोबा, पणजोबा आणि त्यांच्याही मागचे खापरपणजोबा असतातच.

आज मी सांगणार आहे ते खापर चौथंच आहे. त्यावर पोळी भाजता येत नाही आणि ते फोडायचा तर प्रश्नच नाही, कारण ते आधीच फुटलेलं आहे! एखाद्या जुन्या पांढरीच्या टेकाडावर पावसाने माती वाहून गेली, की वर येणारा मडक्याचा तुकडा. आपण तो उचलतो आणि नदीच्या पाण्यावर भाकऱ्या काढायला फेकून देतो. पण काही माणसं तो तुकडा जपून खिशात घालतात.

चाळीसगाव तालुक्यात गिरणा नदीच्या काठी बहाळ नावाचं गाव आहे. तिथे १९५२-५३ साली आणि पुन्हा १९५६-५७ साली पुरातत्त्व खात्याचे मधुसूदन नरहर देशपांडे यांनी खोदकाम केलं. हेच देशपांडे पुढे साऱ्या देशाच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. बहाळला आणि नदीपलीकडच्या टेकवाड्याला त्यांना काय सापडलं? सोन्याचा हंडा नव्हे, तर खापरं. ढीगभर खापरं! त्याच सुमाराला, १९५४-५५ मध्ये, तापी आणि गोमाई या नद्यांच्या संगमावरच्या प्रकाशे गावात बी. के. थापर खोदत होते. (प्रकाशे तेव्हा पश्चिम खानदेशात, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्यात होतं. १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे.) तिथेही तेच, थरावर थर आणि थराथरात खापरं. धुळे जिल्ह्यातल्या कावठ्याला पुण्याच्या डेक्कन कॉलेजची मंडळी गेली, त्यांनाही खापरंच भेटली. ही खापरं साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची. कितवे खापरपणजोबा, ते तुम्हीच मोजा!

आता तुम्ही म्हणाल, फुटक्या तुकड्यांचं एवढं काय कौतुक? तर ऐका. लाकूड कुजतं, कापड कुजतं, धातू गंजतो किंवा वितळवून पुन्हा वापरला जातो. भाजलेली माती मात्र फुटते, पण संपत नाही. आणि जाणत्या माणसाला एक तुकडा पुष्कळ सांगतो. तुकडा काठाचा असेल तर त्याच्या गोलाईवरून अख्ख्या भांड्याचं तोंड केवढं होतं ते काढता येतं. तुमच्या कंपासपेटीतल्या सामानानेही तुम्हाला ते जमेल. आतल्या बाजूने बारीक, सारख्या रेघा गोल फिरलेल्या दिसल्या, तर भांडं चाकावर घडवलेलं. रेघा नसतील आणि जाडी कुठे कमी कुठे जास्त असेल, तर हाताने थापलेलं. तुटलेल्या कडेकडे पाहिलं आणि मधोमध राखाडी पट्टा दिसला, तर आव्याची आच आतपर्यंत नीट पोचली नव्हती. नखाने टिचकी मारली आणि टण्‌ असा आवाज आला, तर भाजणी पक्की. शेवटची परीक्षा तर माठ विकत घेताना तुमची आईसुद्धा करते. पुरातत्त्ववाल्यांनी ती तिच्याकडूनच उचलली असावी असा माझा संशय आहे!

खानदेशातल्या सर्वांत जुन्या शेतकऱ्यांच्या भांड्यांना अभ्यासक तापीकाठच्या सावळदे गावावरून ‘सावळदा’ भांडी म्हणतात. त्यांवर काळ्या रंगात चित्रं आहेत. बाणाची टोकं, मासे मारायचे काटेरी भाले, जनावरं. म्हणजे त्या काळी तापीकाठी कोणाच्या मनात काय घोळत होतं, तेसुद्धा खापर सांगतं.

पण एक गोष्ट खापर काही केल्या सांगत नाही. ते घडवणाऱ्याला कोणी शिकवलं?

आपल्या गावातल्या कुंभारवाड्यात पाहिलं तर वाटतं, यात विचारायचं काय? बापाने शिकवलं. कुंभाराचं मूल रांगतं ते चिखलातच. आधी माती वाळवायची, कुटायची, चाळायची. मग तिच्यात राख, लीद मिसळायची. चिखल पायांनी तुडवायचा, त्यातला खडा न्‌ खडा वेचायचा. आई आणि आजी ओल्या मडक्याला आतून दगडी गोळ्याचा आधार देऊन बाहेरून थापटण्याने थापटत असतात, ते बघायचं. चाकाला हात लागतो तो या सगळ्यानंतर, कितीतरी दिवसांनी. कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. गावाला वर्षभर मडकी पुरवायची आणि सुगीला खळ्यावरून धान्याचं बलुतं आणायचं, अशी रीत होती. चाक बापाकडून मुलाकडे जायचं, जसं शेत जातं. आई-मुलीही घरातच शिकायच्या.

मग ज्याला बापच नाही, त्याचं काय? ज्याचं घरच नाही, त्याला माती कोण देणार?

हा प्रश्न एका पुस्तकाने विचारला आहे. पुस्तक आहे कोरियाचं. कोरियन आईवडिलांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेल्या लिंडा सू पार्क या बाईंनी ते इंग्रजीत लिहिलं. नाव ‘अ सिंगल शार्ड’, म्हणजे एकच खापर! ते २००१ साली निघालं आणि २००२ साली त्याला अमेरिकेतला मुलांच्या पुस्तकांसाठीचा मानाचा न्यूबेरी पुरस्कार मिळाला. गोष्ट आहे बाराव्या शतकातली. तेव्हा कोरियात गोर्यो घराण्याचं राज्य होतं आणि आपल्याकडे देवगिरीच्या यादवांचा उदय होत होता.

कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर चुलपो नावाचं गाव. सगळं गाव कुंभारांचं. तिथल्या पुलाखाली दोघे राहतात. एक म्हातारा, जन्मतःच एक पाय लुळा. कुबडीवर रेलून उभा राहिला की करकोच्यासारखा दिसतो, म्हणून त्याचं नावच ‘करकोचा-माणूस’. आपण त्याला करकोचेबाबा म्हणू. दुसरा बारा-तेरा वर्षांचा पोर. त्याचं नाव ‘झाडाचा कान’. हसू नका! पडलेल्या झाडाच्या खोडावर कानाच्या आकाराची एक अळंबी उगवते. तिला बी पेरावं लागत नाही, आईबाप नसल्यासारखी ती आपली आपण येते. अनाथ पोराला लोकांनी तेच नाव देऊन टाकलं. मी त्याला झाडकान्या म्हणणार आहे.

झाडकान्याचे आईवडील राजधानीत तापाच्या साथीत गेले. एका भिक्षूने दोन वर्षांच्या पोराला चुलपोला आणलं. देवळात ठेवायचा विचार होता, पण तिथेही साथ. म्हणून तात्पुरतं त्याला पुलाखालच्या म्हाताऱ्याकडे सोपवलं. साथ सरल्यावर न्यायला माणूस आला, तर हे पोर म्हाताऱ्याच्या धडधाकट पायाला जी मिठी मारून बसलं ते सोडेचना. राहिलं ते कायमचं.

दोघे उकिरड्यावरचं वेचून खातात, शेतात सांडलेले दाणे गोळा करतात. मात्र करकोचेबाबांचा एक नियम आहे. चोरी नाही आणि भीकही नाही.

झाडकान्याला वेड कुंभारकामाचं. गावात मिन नावाचा म्हातारा कुंभार आहे. अतिशय तिरसट, आणि हात असा की त्याच्या तोडीचं काम गावात कोणाचं नाही. घडवलेलं भांडं मनासारखं वाटलं नाही तर चाकावरून काढून पुन्हा मातीचा गोळा करून टाकणार. झाडकान्या झाडाआड लपून त्याचं चाक बघत बसतो. एक दिवस अंगणात कोणी नाही असं पाहून हा आत शिरतो, वाळत ठेवलेलं काम हातात घेऊन न्याहाळतो, तेवढ्यात मिन ओरडतो आणि हातातली डबी पडते. झालं! भरपाई कशी करायची? पैसे तर नाहीत. मग काम करून. नऊ दिवस.

नऊ दिवसांत झाडकान्याला वाटलं होतं चाकापाशी बसायला मिळेल. मिळाली कुऱ्हाड! डोंगरात जा आणि भट्टीसाठी लाकडं फोडून आण. पहिल्याच दिवशी हात सोलून निघाले. नऊ दिवस संपले आणि हा पुन्हा मिनच्या दारात उभा. पगार नको, पण काम करू द्या. मिनने नाक मुरडलं आणि हो म्हटलं. दुपारचं जेवण तेवढं मिळणार होतं.

ते जेवण म्हणजे या गोष्टीतला माझा सर्वांत आवडता भाग. मिनची बायको रोज वाडगाभर भात, वर मासा नाहीतर भाजी असं झाकून ठेवायची. झाडकान्या अर्धं खायचा आणि अर्धं बाबांसाठी लपवून ठेवायचा. एक दिवस संध्याकाळी वाडगा काढायला गेला, तर तो पुन्हा काठोकाठ भरलेला! दुसऱ्या दिवशीही तेच. बाई एक शब्द बोलली नाही, यानेही विचारलं नाही. फक्त तिच्या परसातलं तण काढणं, पाण्याच्या घागरी भरणं, असली कामं हा न सांगता करू लागला.

महिने गेले. लाकडं झाली, मग नदीकाठची माती खणणं आलं, मग माती गाळणं. माती पाण्यात कालवायची, चाळणीतून गाळायची, निवू द्यायची, पुन्हा गाळायची. मिन दोन बोटांत चिमूटभर माती चोळून बघणार आणि म्हणणार, पुन्हा. याला कळेना, एवढी मऊ तर लागतेय. आणखी काय पाहिजे? मग एक दिवस, तेच काम शंभराव्यांदा करताना, याच्या बोटांना ते कळलं. मातीत खडा नाही, कण नाही, पण अजूनही काहीतरी आहे. पुन्हा गाळली, आणि ते गेलं! कसं कळलं ते त्याला सांगता येईना. पोहायला शिकलेल्यांना आणि पोळी गोल लाटता येऊ लागलेल्यांना हे बरोबर समजेल.

आता इथे गोष्ट जराशी थांबवून एक गंमत सांगायला हवी. कोरियाची ही भांडी साधी लाल मडकी नव्हेत, बरं का. त्यांना ‘सेलाडॉन’ म्हणतात. त्यांचा रंग हिरवट-निळसर, शेवाळल्या तळ्यावर आभाळ उतरावं तसा. ११२३ साली चीनचा एक वकील कोरियाच्या दरबारात गेला होता. त्यानेसुद्धा या रंगाची नोंद करून ठेवली, आणि चीन म्हणजे त्या काळी चिनी मातीच्या कामाचा गुरू! हा रंग येतो कुठून? रंगाच्या डब्यातून नाही. भांड्याला माती आणि लाकडाची राख कालवून केलेला झिलईचा लेप देतात. त्या लेपात अगदी थोडं लोह असतं. भट्टी पेटल्यावर आतली हवा कोंडली की तेच लोह हिरवट रंग देतं. हवा जास्त शिरली तर पिवळट-तपकिरी. म्हणजे कुंभाराने जीव ओतून घडवावं आणि रंग ठरवावा धुराने!

आणि आता बहाळ-टेकवाड्याच्या खापरांकडे या. त्यांत काही खापरं अशी आहेत की बाहेरून तांबडी आणि आतून व काठाला काळी कुळकुळीत. दोन रंग दिले असतील असं वाटतं, पण तसं नाही. अशी भांडी आव्यात पालथी ठेवून भाजत असावीत, असं अभ्यासक सांगतात. बाहेरच्या बाजूला मोकळी हवा लागली, तिथे मातीतल्या लोहाने तांबडा रंग धरला. पालथ्या तोंडाच्या आत हवा पोचली नाही, तिथे काळा. गिरणाकाठचा कुंभार आणि कोरियाचा मिन यांच्यात अडीच हजार वर्षांचं अंतर, भाषा वेगळी, माती वेगळी. पण दोघांचा झगडा एकाच गोष्टीशी होता. आगीला वारा किती द्यायचा?

चला, चुलपोला परत जाऊ. झाडकान्याने एकदा धीर करून विचारलं, मला चाक कधी शिकवाल? मिन म्हणाला, कधीच नाही. ही विद्या बापाकडून मुलाला जाते. तू माझा मुलगा नाहीस.

मिनला मुलगा होता. ह्युंग-गू त्याचं नाव. तो लहानपणीच वारला होता.

त्या रात्री पुलाखाली झाडकान्याला झोप आली नाही. शिकायची अक्कल आहे, हात आहेत, कष्टांची तयारी आहे, आणि दार बंद कशामुळे? तर जन्मामुळे. मुलांनो, ही रीत काही कोरियाचीच नव्हती. आपल्याकडेही कुंभाराच्या मुलाने कुंभारच व्हायचं आणि दुसऱ्याच्या मुलाने चाकाला हात लावायचा नाही, असं शेकडो वर्षं चाललं. हाताला चिखल लागणाऱ्यांना पंगतीत लांब बसवायचं, ही आणखी एक रीत होती. त्यातलं किती उरलंय आणि किती गेलंय, हे मोठ्या माणसांना जरूर विचारा. उत्तर देताना ती थोडी अडखळतील.

पुढे गावात राजाचा अधिकारी येतो. दरबारासाठी कोणाची भांडी घ्यायची हे तो ठरवणार. मिनने भांड्यांवर नक्षी कोरून त्या चरांत पांढरी आणि गडद माती भरली आणि वर झिलई दिली. ही कोरियाची खास कला. पण भट्टीतून भांडी निघाली ती झिलईवर तपकिरी डाग घेऊन. धुराने दगा दिला! मिनने सगळी फोडून टाकली. अधिकारी जाताना सांगून गेला, नवं काम तयार झालं तर राजधानीला, सोंगदोला, आणून दाखव. (हे शहर आता उत्तर कोरियात आहे, केसोंग नावाने.) पण म्हाताऱ्याला एवढं चालवणार कसं?

झाडकान्या म्हणाला, मी नेतो. त्याने हे मिनला नाही, मिनच्या बायकोला सांगितलं. ती तयार झाली, पण एका अटीवर. मला आजपासून ‘अजिमा’ म्हणायचं. कोरियन भाषेत अजिमा म्हणजे काकू, मावशी असं घरातलं कोणीतरी. आपल्याला तर त्यात आजीही ऐकू येते आणि माही! निघताना याने बाबांना स्वतःच्या हाताने केलेलं मातीचं एक इवलंसं माकड दिलं.

पाठीवरच्या लाकडी घोडीत दोन सुंदर कलश, भोवती पेंढा, आणि पोर एकटं पायी निघालं. वाटेत पुयो गावी एक उंच कडा आहे. तिथे चोरांनी गाठलं. पैसे मिळाले नाहीत म्हणून चिडून त्यांनी दोन्ही कलश कड्यावरून खाली फेकले.

तुम्ही काय केलं असतं? मी तर परत फिरलो असतो, खरं सांगतो. झाडकान्या कडा उतरून खाली गेला. एका कलशाचा चुरा झाला होता. दुसऱ्याचे तुकडे पडले होते आणि त्यात एक तळहाताएवढा होता. त्यावर कोरलेल्या फुलाचा भाग शाबूत होता आणि झिलई निर्मळ. तेवढा एक तुकडा त्याने जपून घेतला आणि सोंगदोची वाट धरली.

दरबारात त्याची काय चेष्टा झाली असेल! राजाच्या माणसाला दाखवायला खापर आणलंय! पण त्या अधिकाऱ्याची नजर आपल्या पुरातत्त्ववाल्यांसारखी होती. त्याने तुकडा हातात घेतला, उजेडात धरला, कोरीव रेघेवरून बोट फिरवलं. झिलई पाहिली. त्याला अख्खा कलश दिसला, कलशामागे मिन दिसला. काम मिनला मिळालं.

झाडकान्या आनंदाने परतला, आणि इथे मला सांगायला जड जातं. करकोचेबाबा नव्हते. पुलाचा कुजका कठडा मोडून ते थंड पाण्यात पडले होते. बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या मुठीत मातीचं माकड होतं.

काही दिवसांनी मिन नेहमीच्याच खेकसण्याने त्याला म्हणतो, डोंगरात जा, जाडजूड खोड बघून आण. हा विचारतो, एवढं मोठं कशाला? मिन म्हणतो, चाक करायचंय. चाकावाचून तू शिकणार कसा? आणि अजिमा त्याला नव्या नावाने हाक मारते. ह्युंग-पिल. तिच्या गेलेल्या मुलाचं नाव ह्युंग-गू होतं, आठवतंय ना? कोरियात सख्ख्या भावांच्या नावांत एक अक्षर सारखं ठेवायची पद्धत आहे. त्या एका अक्षराने अळंबीचा मुलगा झाला.

आपल्याकडेही एक अशीच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. गंगाखेडची लहानगी जनी पंढरपूरला दामाशेटींच्या घरी पोचली, दळण-कांडण करत वाढली, आणि ‘नामयाची जनी’ झाली. नामदेवांच्या मोठ्या कुटुंबाची आठवण काढताना कोणी तिला वगळत नाही. गंमत म्हणजे त्याच संतमेळ्यात एक कुंभारही होते, तेरचे गोरोबाकाका. त्यांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोणतं मडकं कच्चं ते सांगितल्याची कथा तुम्हाला पाठच असेल.

आता पुस्तकाबाहेरची गोष्ट. कोरियाची राजधानी सोलमध्ये कान्सोंग नावाचं संग्रहालय आहे. तिथे गोर्यो काळातला एक खराखुरा सेलाडॉन कलश आहे, दीड फुटाच्या आत-बाहेर उंचीचा. त्याच्यावर गोल वर्तुळांमध्ये आणि वर्तुळांच्या बाहेर ढगांतून उडणारे करकोचे कोरले आहेत. म्हणतात त्याला ‘हजार करकोच्यांचा कलश’, मोजले तर ६९ भरतात. विदेशी विक्रेत्याच्या हातात गेलेला हा कलश १९३५ साली एका कोरियन माणसाने जबर किंमत देऊन विकत घेतला आणि देशात ठेवला. त्या वेळी कोरियावर जपानचं राज्य होतं. त्या माणसाचं नाव होतं चॉन ह्युंग-पिल. योगायोग म्हणा, की लेखिकेने ठेवलेली खूण म्हणा.

कलश घडवणाऱ्याचं नाव मात्र कोणालाही माहीत नाही. लेखिकेने तेवढीच रिकामी जागा घेतली आणि तिथे पुलाखालचं एक पोर बसवलं. ज्याला एका पायावर उभा राहणारा म्हातारा विसरता येत नाही, त्याने करकोच्यांशिवाय दुसरं काय कोरलं असतं?

आणि खापरं अजूनही बोलताहेत बरं का! २००७ साली कोरियाच्याच किनाऱ्यावर, तेआनजवळ, एका कोळ्याने छोटे ऑक्टोपस पकडले. त्यातल्या एकाने सेलाडॉनची बशी घट्ट धरून ठेवली होती! शोध घेतला तर तळाशी गोर्यो काळातलं एक जहाज, राजधानीकडे भांडी नेता नेता बुडालेलं. वीस हजारांहून जास्त भांडी निघाली त्यातून. इतक्या सगळ्या भांड्यांसाठी लाकडं कोणी फोडली आणि माती कोणी गाळली, याचा हिशेब करून बघा.

आपल्याकडे आखाजी आली की घरोघरी पितरांच्या नावाने मातीची घागर भरतात. या वेळी घागर आणायला तुम्हीही बाजारात जा. वेळ असेल तर थेट कुंभारवाड्यातच जा. घागर घेतलीत की आत हात घालून बोटं फिरवा. कुठे चाकाच्या बारीक रेघा लागतील, कुठे थापटताना आत धरलेल्या गोळ्याचे खळगे. कोणाच्या तरी हाताच्या खुणा आहेत त्या. कुंभारकाकांना किंवा काकूंना एवढंच विचारा, “तुम्हाला हे कोणी शिकवलं?” त्यांनी जे सांगितलं ते वहीच्या एका पानावर लिहून आम्हाला पाठवा. काकांना घाई असेल तर आजीला विचारा. मांड्याचं खापर तिने कोणाच्या हातून पहिल्यांदा हाती घेतलं, तेही चालेल.